पिकअपला गळा हवा, घसा नको!

दसऱ्याला किंवा दिवाळीच्या पाडव्याला जामखेडच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहावे आणि नव्या गाड्या मोजाव्यात. ट्रॅक्टर असतात, फटफट्या असतात. पण हल्ली नजर जाते ती पांढऱ्याशुभ्र पिकअपवर. बॉनेटवर झेंडूची माळ, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि घरातल्या म्हातारीने गाडीवरून ओवाळून टाकलेला भाकरतुकडा. असा सारा थाट झाला, पेढे वाटून झाले, बँकेच्या हप्त्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून झाली, की आठ दिवसांच्या आत मालकाच्या मनात पहिली सुधारणा येते. ती ताडपत्रीची नसते की टायरची नसते. ती असते आवाजाची!

"सर, कंपनीनं इंजिन दिलंय भीमाचं अन् गळा दिलाय चिलटाचा," असे एका पिकअपवाल्याने मला ऐकवले, तेव्हा मी आधी हसलो. मराठीच्या प्राध्यापकाला एवढी चांगली उपमा वर्गात वर्षभरात ऐकायला मिळत नाही. पण मग त्याच्या गाडीत बसून पाहिले आणि हसू मावळले. गाडी उभी असताना बऱ्यापैकी वाजणारे गाणे इंजिन सुरू होताच अर्धे नाहीसे झाले, आणि खर्डा रस्त्याला लागल्यावर त्यातली ढोलकी तर साफ बुडाली. उरली ती गाणाऱ्या बाईची किनरी हाक.

या माणसाचे दिवसाचे आठ-दहा तास त्या केबिनीत जातात. कधी कांदा घेऊन नगर, कधी भाजीपाला घेऊन पुण्याचे मार्केट यार्ड, कधी रात्रभर चालून वाशीचा बाजार. घरी पाठ टेकायला मिळते त्याहून अधिक वेळ तो चाकामागे असतो. केबिन हेच त्याचे माजघर, आणि त्या माजघरात गाणे नीट वाजावे ही इच्छा चैनीची म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. प्रश्न एवढाच, की हप्ते फेडता फेडता बाजूला काढलेले हे पैसे तो आवाजावर घालणार की गोंगाटावर?

टेप गेला, नाव राहिले

आमच्याकडे गाडीत गाणी वाजवणाऱ्या यंत्राला अजूनही 'टेप' म्हणतात. त्यात फीत नाही, कॅसेट नाही. गाणी येतात मोबाइलमधून, वायरीवाचून. तरी नाव टेपच. भाषेला असली जुनी नावे टाकवत नाहीत. पैसा काचेच्या पडद्यावरून इकडचा तिकडे जातो, तरी 'गल्ला' म्हणतोच ना आपण!

गाडीतल्या गाण्याचा इतिहास काही फार जुना नाही. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कारखान्याने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि 'मोटर' या शब्दावरून त्याचे नाव ठेवले मोटोरोला. ते काचेच्या व्हॉल्व्हचे दिवस. पुढे ट्रान्झिस्टर आला, यंत्र लहान झाले. आपल्याकडे १९५७ साली विविध भारती सुरू झाली आणि हिंदी गाणी घरोघर पोचली. १९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट काढली. तिने पुढे आपल्या मालमोटारींतून जो धुमाकूळ घातला तो चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ऐकला आहे. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते आणि सुलोचना चव्हाण यांच्या लावण्या एकाच टपात शेजारी शेजारी नांदत, आणि फीत अडकली की ड्रायव्हर शिसपेन्सिलीने ती गुंडाळीत बसे.

मग २००५ साली टाटांची एस आली. लोकांनी तिचे बारसे 'छोटा हत्ती' असे केले. महिंद्राच्या पिकअपही गावोगाव दिसू लागल्या. ज्याच्याजवळ मोठ्या ट्रकचे भांडवल नाही असा शेतकऱ्याचा मुलगा स्वतःच्या गाडीचा मालक झाला. स्वतःची गाडी म्हटल्यावर आवाजही मनासारखा हवा, हे ओघानेच आले.

पन्नास वॅटचे गणित

कंपनीचा आवाज बारीक का असतो? कंपनीला गाडी विकायची असते ती वजन किती ओढते आणि डिझेल किती पिते यावर. गाणे कसे वाजते यावर मालवाहू गाडीचा खप ठरत नाही. म्हणून साध्या गाड्यांत कित्येकदा नुसती रिकामी खाच मिळते, आणि जिथे टेप बसवून मिळतो तिथे त्याच्या जोडीला हलक्या चुंबकाचे, कागदी पडद्याचे स्पीकर असतात. त्यात लबाडी नाही, काटकसर आहे.

लबाडी पाहायची तर दुकानातल्या खोक्यावर पाहावी. खोक्यावर ठळक छापलेले असते : '५० वॅट, गुणिले ४'. एकूण दोनशे वॅट झाले म्हणून गिऱ्हाईक खूश! आता थोडे गणित करू. इंजिन चालू असताना गाडीच्या विजेचा दाब साधारण चौदा व्होल्ट असतो. स्पीकरचा रोध बहुधा चार ओहम. एवढ्या दाबावर एका स्पीकरला स्वच्छ आवाजात सव्वीस वॅटच्या वर देणे निसर्गनियमानेच शक्य नाही, आणि यंत्रातली घट धरली तर हाती येतात अठरा-वीस. मग पन्नास आले कुठून? ध्वनीच्या लाटेचे माथे सपाट छाटून टाकले आणि ती चौकोनी करून सोडली, तर आकडा पन्नासला पोचतो. पण तेव्हा ऐकू येते ती गाण्याची किंचाळी. गाण्याची गोडी त्या गोल माथ्यांतच असते.

दुसरी मौज पुढेच आहे. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. दुप्पट वॅटला आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. ऐकणाऱ्याला 'आता दुप्पट झाला' असे वाटायला १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॅट लागतात दसपट! दहाचे शंभर करा तेव्हा दुप्पट, शंभराचे हजार करा तेव्हा आणखी दुप्पट. आकड्यांच्या मागे धावणाऱ्याचा खिसा आधी रिकामा होतो, कान मागून.

उलट, स्पीकरच्या कागदावर 'संवेदनक्षमता' म्हणून एक आकडा छापलेला असतो. तो फारसे कोणी वाचत नाही. एक वॅट वीज दिली असता एक मीटर अंतरावर स्पीकर किती डेसिबल आवाज देतो, ते तो आकडा सांगतो. एक स्पीकर ८९ चा आणि दुसरा ९२ चा असेल, तर दुसरा निम्म्या विजेत तेवढाच आवाज देतो. कमी खाऊन जास्त चालणारा बैल बाजारात आपण दात मोजून घेतो; मग स्पीकर घेताना नुसती शिंगे रंगवलेली पाहून का भुलावे?

आधी दार, मग स्पीकर

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली गोष्ट करायची ती स्पीकरची नव्हेच, दाराची. पिकअपचे दार म्हणजे दोन पातळ पत्रे आणि मध्ये पोकळी. बोटाने टिचकी मारा, डब्यासारखे वाजते. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि मागे विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोके असली, की मागची लाट त्या भोकांतून पुढे येते आणि पुढच्या लाटेला खाऊन टाकते. हे खाणे मुख्यतः खालच्या स्वरांचे होते. डग्गा आणि ढोलकीचे डावे तोंड नाहीसे होते ते असे. नवा भारी स्पीकर आणून त्याच भोकाळ दारात बसवला तर तोही तसाच वाजणार. सतार चांगली, पण भोपळा फुटका!

म्हणून जाणता मिस्त्री आधी दाराचे आतले आवरण उतरवतो, बाहेरच्या पत्र्याला आतून चिकट, जड पट्ट्या दाबून बसवतो, आतल्या पत्र्याची मोठी भोके झाकतो, आणि स्पीकरखाली फळीची किंवा घट्ट प्लास्टिकची कडी घालून तो पक्का आवळतो. दाराच्या तळाशी जी बारीक छिद्रे असतात ती मात्र त्याने चुकूनही बुजवू नयेत. काचेवरून आत उतरलेले पावसाचे पाणी तिथूनच बाहेर जाते. ती बुजवली तर दार आतून गंजते. पाणी दारात उतरतेच, म्हणून आपल्या हवेत कागदी पडद्यापेक्षा प्लास्टिकच्या पडद्याचा स्पीकर अधिक टिकतो.

एवढे केले की दुहेरी लाभ होतो. गाण्याला खालचा स्वर मिळतो आणि रस्त्याचा खडखडाट आत कमी येतो. इंजिनाचा आणि टायरचा आवाज हा बहुतेक खालच्या पट्टीतला असतो, आणि तोच गाण्यातल्या खालच्या स्वरांना गिळतो. तो जितका कमी, तितके गाणे हळू लावून भागते.

मग यावे खऱ्या खरेदीकडे. माझा हिशेब असा : या कामाला काढलेल्या शंभर रुपयांतले चाळीस पुढच्या दोन दारांच्या स्पीकरांना द्यावेत, पंचवीस लहानशा ॲम्प्लिफायरला, वीस दाराच्या पट्ट्यांना आणि चांगल्या तारांना. उरले पंधरा, ते मिस्त्रीच्या हाताला; आणि तिथे घासाघीस करू नये. कंपनीचा टेप चालत असेल तर तो राहू द्यावा. त्याच्या स्पीकरच्या तारांवरूनच गाणे उचलून घेणारे ॲम्प्लिफायर मिळतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला खेप असेल तेव्हा चार दुकाने हिंडून यावे. पण बसवून घ्यावे आपल्या गावात. बिघडले तर मिस्त्री हाकेच्या अंतरावर हवा.

'बास ट्यूब' म्हणून जे लांबोडके नळकांडे मिळते त्याचा मोह अनेकांना पडतो. पिकअपच्या केबिनीत त्याला जागा कुठे? आसनामागे ठेवले तर पाठ मोडते. छोट्या हत्तीच्या आसनाखाली तर इंजिनच बसलेले! हौस फारच असेल तर आसनाखाली मावेल असा बसका वूफर, तोही जागा आणि उष्णता पाहून. दारे नीट केली तर शंभरातल्या नव्वदांना त्याची गरज भासत नाही.

दीड व्होल्टचा सेल आणि एक फ्यूज

दोन स्पीकर बसवले आणि आवाज मोठा होऊनही पोकळ वाटतो, असे पुष्कळदा घडते. कारण बहुधा एकच असते : एका स्पीकरची अधिक-उणे तार उलटी लागलेली. एकाचा पडदा पुढे जातो तेव्हा दुसऱ्याचा मागे. दोघे मिळून खालचा स्वर खातात. याची परीक्षा घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलने होते. सेलच्या अधिक टोकाची तार स्पीकरच्या अधिक टोकाला आणि उण्याची उण्याला क्षणभर टेकवावी. पडदा बाहेर उचलला तर बरोबर, आत गेला तर उलटे. फुकटची परीक्षा, पण कित्येक हजारांची खरेदी तिच्यावर तरते.

आणखी एक रड असते : ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शीळ निघते आणि इंजिनाबरोबर चढत जाते. तो अर्थिंगचा दोष. अर्थिंगची तार रंगावर न आवळता रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळावी, आणि विजेची जाड तार गाडीच्या एका बाजूने, गाण्याच्या बारीक तारा दुसऱ्या बाजूने न्याव्यात.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कानाची नाही, जिवाची आहे. पन्नास पन्नास वॅटच्या चार वाटांचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोराने चालला तर सुमारे अठरा अँपिअर वीज ओढतो. गाडीचे दोन्ही साधे हेडलाइट मिळून ओढतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. एवढी वीज टेपच्या बारीक तारेतून नेली तर तार तापणार. म्हणून थेट बॅटरीवरून वेगळी जाड तार हवी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज हवाच. फ्यूज असतो तो तारेच्या रक्षणासाठी. तार कुठे पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली आणि फ्यूज नसला, तर बॅटरी आपली सगळी शक्ती त्या एका ठिकाणी ओतते. डिझेलची गाडी आणि लगतचा सुका माल पेटायला मग उशीर लागत नाही. पत्र्यातून तार जिथे आत येते तिथे रबरी कडी घालावी. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त मिळते. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेहून जास्त, म्हणून ती घ्यायचीच तर जाड घ्यावी. आणि कंपनीच्या तारा कापून जोडण्याऐवजी गाडीला बसणारे कपलर वापरावेत. कापलेल्या तारेवरून वॉरंटीचे वाद होतात.

शब्द ऐकू आला पाहिजे

काम झाले. आता परीक्षा कशी घ्यावी? दुकानदार लावतो ते धडधडणारे गाणे लावून घेऊ नये. त्यात सगळेच स्पीकर शूर दिसतात. मी भाषेचा मास्तर, म्हणून माझी कसोटी भाषेची आहे. गाडी रस्त्यावर काढावी, आणि आवाज मध्यम ठेवून एखादे कीर्तन किंवा आकाशवाणीच्या बातम्या लावाव्यात. प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो का ते पाहावे.

मराठीतली व्यंजने ही शब्दाची हाडे आहेत. स्वर मांसल असतात, खालच्या पट्टीत असतात, ते सहज ऐकू येतात. पण 'स', 'श', 'त', 'च' यांचा नेमका घाट सेकंदाला दोन हजार कंपनांच्या वरच्या पट्टीत असतो. तिथे स्पीकर कच्चा असला की 'सारा' आणि 'चारा' यांत फरक राहत नाही. कान तो फरक ओळखायला धडपडतो, मन थकते, आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो. आवाज वाढवल्याने अस्पष्ट शब्द स्पष्ट होत नाही. तो मोठ्याने अस्पष्ट होतो.

जामखेडची कलाकेंद्रे लावणीच्या बैठकीसाठी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. तिथल्या रसिकाला विचारा. गाणारीचा शब्द आणि ढोलकीची थाप एकमेकींना न झाकता कानावर आली, तरच तो मान डोलावतो. दोन दारांच्या स्पीकरकडून अपेक्षा एवढीच. गळा म्हणतात तो हा. नुसता घसा ताणणे निराळे.

कानाचा हप्ता

घसा ताणण्याची किंमत कोण देतो? जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेला हिशेब सोपा आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तर कान साधारणपणे सुरक्षित. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा : ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच, ९२ ला अडीच. म्हणजे खिडक्या उघड्या टाकून, रस्त्याच्या खडखडाटावर मात करण्यासाठी ९२ पर्यंत गाणे चढवणारा गडी जामखेडहून नगरला जाऊन परत येईपर्यंत आठवड्याचा सगळा वाटा संपवतो. मोबाइलवर आवाज मोजायची सोय असते. तिचा आकडा अगदी काटेकोर नसला तरी अंदाजाला पुरतो.

बँकेचा हप्ता चुकला तर नोटीस येते. कानाचा हप्ता नोटीस न देता वसूल होतो. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी रात्री कानात बारीक शीळ वाजते, मग मागच्या गाडीचा हॉर्न उशिरा कळतो, मग घरी नातवंड बोलते ते कळत नाही. याच जामखेडात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले आणि दुखणे येण्याआधीच ते अडवायचे हा धडा खेड्यातल्या बायाबापड्यांच्या हाती दिला. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तो धडा कानालाही लागू आहे.

रात्रीच्या ड्रायव्हरचे म्हणणे मला माहीत आहे : "मोठ्यानं लावलं की झोप येत नाही, सर." या समजुतीने घात होतो. मोठे गाणे आणि गार वारा यांनी आलेली तरतरी थोडाच वेळ टिकते. झोप दबा धरून बसलेलीच असते. त्यापेक्षा ढाब्यावर गाडी लावून चहा प्यावा आणि पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटावेत. वाशीचा बाजार तेवढ्याने उठत नाही.

राहता राहिली दुसऱ्या जातीची पिकअप : जिच्या हौद्यात माणसाहून उंच खोक्यांची भिंत आणि जनरेटर असतो, आणि जी वरातीपुढे छाती हादरवीत चालते. तिच्याविषयी कायदा बोलला आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहा ते सकाळी सहा बंद ठेवायला सांगितले. आणि १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सविस्तर निकाल दिला. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारला आहे, तो वर्षातून फार तर पंधरा दिवस. पण कायद्याआधी शेजारधर्म आहे. भिंतीपलीकडे बाळंतीण असेल, दहावीचे पोर अभ्यासाला बसले असेल, हृदयाचे दुखणे असलेला म्हातारा असेल. केबिनीतले गाणे केबिनीतच राहिले, तर त्याचा आनंद मालकाला मिळतो आणि त्रास कोणाला होत नाही.

तेव्हा या दिवाळीत ज्यांच्या दारी नवी पिकअप आली असेल, त्यांनी गाडीला सूर जरूर द्यावा. दारे आधी घट्ट करावीत, तार जाड घ्यावी, फ्यूज विसरू नये, आणि खोक्यावरचा आकडा वाचण्याऐवजी स्पीकरचा शब्द ऐकावा. रात्री उशिरा परतणाऱ्या गाडीतले गाणे आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आपणच हळू करावे. घरच्यांना गाडी आल्याचे कळायला इंजिनाचा ओळखीचा आवाज पुरेसा असतो. त्याचीच वाट पाहत कोणी तरी जागे असते.